दोन आखूड, एक लांब

काल दुपारी आईचा फोन आला. कशी आहेस, जेवलीस का, असलं काही नाही, थेट मुद्द्यावर. "औंदा तुजा तो बोर्ड आनशील का गो पूजेला?" मी म्हटलं, "आणीन, पण कुंकू मी लावणार." पलीकडे ती अशी हसली की मला फोन कानापासून लांब धरावा लागला. बाहत्तर वर्षांच्या बाईने इतकं हसू नये, ठसका लागतो. तिलाही लागलाच.

खंडेनवमीला माझ्या माहेरी घरातली सगळी हत्यारं पाटावर मांडतात. बाबांचं वल्हं आडवं, त्यावर घडी घातलेला पाग, म्हणजे त्यांचं फेकायचं जाळं. शेजारी आईची मासे कापायची विळी आणि माझ्या धाकट्या भावाचा, दिनेशचा, गॅरेजमधला पान्यांचा डबा. ज्याच्यावर पोट चालतं त्याला त्या दिवशी आराम आणि हळदकुंकू. गेल्या वर्षी त्या पाटावर पहिल्यांदा माझंही काहीतरी होतं. काडेपेटीएवढा एक हिरवा इलेक्ट्रॉनिक बोर्ड.

आश्विन आला हे मला कॅलेंडर सांगत नाही, घरातलं लाकडी कपाट सांगतं. चार महिने फुगून बसलेलं त्याचं दार एक दिवस मुकाट्याने बंद होतं. डोंबिवलीच्या गच्च्यांवर टाकलेले कपडे दोन तासांत पापडासारखे कडक होतात. स्टेशनबाहेर झेंडूचे ढीग लागतात आणि रिक्षावाले त्यातलंच एक फूल मीटरला खोचतात. खाडीकाठी चिखलाला बारीक भेगा पडायला लागतात, तिवरांच्या पानांवर मीठ चकाकतं, आणि ओहोटीला येणारा तो वास, जो बाहेरच्यांना घाण वाटतो आणि आम्हाला घर वाटतो, तो गल्लीच्या तोंडापर्यंत येतो. आणि संध्याकाळ. पावसाळ्यात संध्याकाळ रेंगाळते, आश्विनात ती एकदम पडते. चहा गाळेपर्यंत उजेड असतो, कप धुवेपर्यंत गेलेला असतो.

ह्या एकदम पडणाऱ्या संध्याकाळीशीच गेल्या वर्षी माझी गाठ होती.

बाबा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. डोंबिवली पश्चिमेला खाडीकाठी आमचं जुनं गाव, तिथे त्यांची एक लहान होडी आहे. जाळ्यात बोयटी, चिंबोऱ्या, नशिबात असलंच तर एखादा जिताडा. पूर्वी त्यावर घर चाललं, आता एका वेळचं कालवण निघतं. तरी ते जातात. दुपारी चारला होडी सोडायची आणि दिवेलागणीनंतर परत यायचं. "मासली मिलू दे नायतर नको," ते म्हणतात, "खाडीत जाऊन आलू की मी मानूस होतंव." हे खरं आहे. ज्या दिवशी जात नाहीत त्या दिवशी ते पंख्याच्या रेग्युलेटरपासून माझ्या आईच्या चालण्यापर्यंत सगळ्यात खोडी काढतात.

लहानपणी बाबांची होडी दिसायच्या आधी ऐकू यायची. खाडीतून आमच्या धक्क्याकडे पाण्याचा एक अरुंद फाटा वळतो, दोन्ही बाजूंनी तिवरांची दाटी. त्या फाट्याच्या तोंडाशी आले की बाबा शीळ घालायचे. दोन आखूड, एक लांब. गावात तेव्हा बऱ्याच होड्या होत्या आणि प्रत्येकाची हाक वेगळी होती, कोणी खाकरायचा, कोणी वल्हं फळीवर आपटायचा. आमची ही शीळ. ती कानावर आली की आई हातातलं काम टाकून तवा चुलीवर ठेवायची, आणि बाबा पाय धुऊन पाटावर बसेपर्यंत पहिली भाकरी फुगलेली असायची. मला वाटायचं सगळ्या जगात असंच चालतं. बाबा शीळ घालतो आणि भाकरी फुगते.

मग बाबांचे वरचे दात गेले. कवळी आली. कवळीवर शीळ वाजत नाही. ते घराच्या पायरीशी येऊन उभे राहिले की मग तवा ठेवला जायचा, आणि भाकरी उशिरा व्हायला लागली.

आणि मग पलीकडच्या काठावर टॉवर आले. वीस-वीस, पंचवीस-पंचवीस मजल्यांचे. संध्याकाळी त्यांचे दिवे लागले की पाण्यात त्यांची सळसळती झुंबरं उतरतात, लोक पुलावर गाडी थांबवून फोटो काढतात. बाबांना त्या झुंबरांत काही दिसत नाही. दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झाली, नंबर ठीक आहे, पण लखलखाट आला की समोरचं सगळं दुधात बुडतं म्हणतात. फाट्याचं तोंड म्हणजे काळ्यात काळी फट. ती पूर्वी त्यांना अंधारात दिसायची, आता उजेडात दिसेना. नवरात्र आलं तेव्हा मंडपांच्या माळा लागल्या, पाठोपाठ दिवाळीचे कंदील येणार होते. लोकांच्या दिव्यांचा सण जवळ येत होता आणि माझ्या बापाला घर दिसेनासं होत होतं.

भाद्रपदात एकदा ते चुकीच्या फटीत घुसले. पाणी उतरत होतं, होडी चिखलात रुतली, आणि भरती येईपर्यंत ते तिवरांत एकटे बसून राहिले. दोन शेजारी त्यांना घेऊन आले तेव्हा त्यांच्या मांड्यांपर्यंत चिखल होता आणि चेहऱ्यावर असं काही होतं जे मी कधी पाहिलं नव्हतं. लाज होती ती. सारा जन्म जिथे काढला तिथे वाट चुकल्याची लाज.

दिनेश घाबरला, आणि घाबरला की तो चिडतो. त्याने आधी बाजारातून एक सोलरचा दिवा आणून फाट्याच्या तोंडाशी बांबूवर लावला. बाबा बघून म्हणाले, "तोबी त्यांच्यातलाच एक." पांढऱ्या दिव्यांच्या गर्दीत आणखी एक पांढरा दिवा, त्यातला आपला कुठला ते कसं कळणार? चार दिवसांनी तो दिवा कोणीतरी पळवलाही. मग दिनेशने जाहीर केलं, "आणखी एकदा वाट चुकले ना, होडी वर ओढणार. कायमची." आई भांडी घासत होती, तिने नळ बंद केला. बाबा जाळ्याची गाठ मारत होते, ते मारत राहिले.

त्यांच्यातलाच एक. हे दोन शब्द मी घरी घेऊन आले. चालत चालत, रिक्षा न करता, आणि वाटेत कुठेतरी मला ती शीळ आठवली. दिव्याला शीळ घालता आली तर? दोन आखूड, एक लांब. सगळ्या टॉवरांत असा लुकलुकणारा दिवा दुसरा नसेल.

आता माझ्याबद्दल सांगायला हवं. वर्तकनगरच्या एका शाळेत मी बावीस वर्षं प्रयोगशाळेत मदतनीस आहे. तास सुरू व्हायच्या आत परीक्षानळ्या लावायच्या, सेल तपासायचे, तारा वाटायच्या, तास संपला की सगळं धुऊन पुसून कपाटात. मी प्रयोग मांडते, करत नाही. मुलांच्या हातात बल्ब पेटलेला हजारदा पाहिला असेल, माझ्या हातात एकदाही नाही. ह्याचं मला वाईट वाटतं हे मला गेल्या आश्विनापर्यंत माहीतच नव्हतं.

माझी मैत्रीण सुषमा गायकवाड विठ्ठलवाडीला राहते. आयटीआयला आम्ही एका बाकावर होतो. नंतर मी कपाटाच्या किल्ल्या सांभाळल्या, तिने सोल्डरगन. एका गाळ्यात ती मशीनांची कंट्रोल कार्डं दुरुस्त करते आणि रविवारी घरच्या टेबलावर स्वतःचे उद्योग. तिच्या टेबलावर बाबासाहेबांची तसबीर, सोल्डरची रिळं आणि खारे शेंगदाणे हे कायम असतं. मी तिला सगळं सांगितलं, टॉवर, शीळ, चिखल. तिने शेंगदाणे संपवले आणि खणातून तो हिरवा बोर्ड काढून माझ्यासमोर ठेवला.

"हा घे. ह्याची खासियत काय माहितीये? हा झोपतो."

"झोपतो म्हणजे?"

"अगं, जागं राहून काम करणारे बोर्ड ढीगभर आहेत. त्यांना सेलवर ठेवलं की आठवड्यात आटपतात. खाडीत काय तू प्लग लावणारेस? हा कामापुरता उठतो, काम करतो, परत झोपतो. महिनोन् महिने. पण झोपायचं कसं ते तुला शिकवावं लागेल त्याला."

मी म्हटलं, तूच करून दे ना. ती म्हणाली, "नाय नलू. बाप तुझा आहे."

पहिला धडा सगळीकडे एकच असतो म्हणे. बोर्डावरचा एक चिमुकला दिवा लुकलुकवायचा. कॉम्प्युटरवर तयार प्रोग्राम असतो, बोर्ड केबलने जोडायचा आणि पाठवायचा. शेंबडं पोरही करेल असा धडा. मी पाच दिवस करत होते. बोर्ड जोडला की त्यावरचा लाल दिवा लागायचा, म्हणजे वीज पोचत होती, पण कॉम्प्युटर म्हणायचा, मला इथे कोणी दिसत नाही. मी कॉम्प्युटर बंद करून चालू केला, बोर्ड उलटा करून पाहिला, एकदा तर त्याच्याशी गोडीत बोलले. शाळेतून आले की हात धुऊन तेच. सहाव्या दिवशी सगळं पिशवीत घालून विठ्ठलवाडी गाठली. सुषमाने बोर्डाकडे बघितलंही नाही. तिने केबल उचलली.

"ही कुठली?"

"फोनची."

"फक्त चार्जिंगची आहे ही. हिच्यातून करंट जातो, डेटा जात नाही. पाच दिवस तू त्याला नुसतं जेवायला घालत होतीस, बोलत नव्हतीस."

तिने दुसरी केबल दिली. मी बटण दाबलं. बोर्डावर एक हिरवा ठिपका लागला, विझला, लागला, विझला. एवढंच. साबुदाण्याच्या दाण्याएवढा उजेड. आणि मी, एकोणपन्नास वर्षांची बाई, त्या टेबलाशी बसून चक्क रडले. सुषमाने शेंगदाण्यांची वाटी माझ्याकडे सरकवली आणि खिडकीबाहेर बघत राहिली. ती चांगली मैत्रीण आहे.

लुकलुकवणं जमलं, मग झोपवणं. इथे मला कळलं की पहिल्या धड्यातला दिवा विझलेला असतो तेव्हाही बोर्ड जागाच असतो, आत बसून सेकंद मोजत असतो. आमच्या स्टाफरूममध्ये अशी माणसं आहेत. काम करत नसतात, पण दमतात. त्याला सांगावं लागतं, बाबा रे, मोजू नकोस, झोप, वेळ झाली की मी उठवीन. ते सांगायला मला आणखी आठवडा लागला. सांगितलं आणि मीटर लावून बघितलं तर नुसतं शून्य. मला वाटलं बोर्ड मेला. सुषमाने मीटरचं बटण फिरवून सर्वांत बारीक मापावर आणलं, तेव्हा कुठे थोडे आकडे उमटले. "मेला नाय," ती म्हणाली, "गाढ झोपलाय."

तरी एक गळती होतीच. बोर्डावरचा तो लाल दिवा. त्याचं काम एकच, आपल्याला वीज मिळते आहे हे जगाला दाखवणं, आणि त्यासाठी तो दिवसरात्र सेल खात होता. सुषमाने सोल्डरगन माझ्या हातात दिली. मी तो दिवा बोर्डावरून काढून टाकला. त्या दिवशी घरी जाताना मी स्टाफरूममधल्या दोघांची नावं मनातल्या मनात घेतली आणि एकटीच हसले.

मग सगळं जुळून आलं. बोर्डाच्या मधोमध उजेड ओळखणारा एक गोल मणी बसवला, टिकलीएवढा, तो त्याचा डोळा. दिवसभर झोपायचं, दर पाच मिनिटांनी हा डोळा किलकिला करून बघायचं. आधी उजेड दिसला आणि मग अंधार झाला, म्हणजे संध्याकाळ. मग मोठा तांबडा दिवा लावायचा, दोन आखूड, एक लांब, चार तास. मग परत झोप. विजेरीचे मोठे सेल, आणि हे सगळं आईच्या लोणच्याच्या पारदर्शक प्लास्टिकच्या बरणीत, फिरकीच्या झाकणाखाली. बरणी तीनदा धुतली, कैरीचा वास गेला नाही. तीन संध्याकाळी आमच्या गॅलरीत तिने न चुकता शीळ घातली. तिसऱ्या दिवशी समोरच्या इमारतीतल्या बाईंनी हात हलवला.

खंडेनवमीला मी बोर्ड बरणीतून काढून माहेरी पाटावर ठेवला. आईने वल्ह्याला कुंकू लावलं, विळीला लावलं, पान्यांच्या डब्याला लावलं. मग ती बोर्डापुढे बसली. बराच वेळ बघत होती, ह्याला नेमकं कुठे लावायचं असा विचार करत. मग तिने हळद आणि कुंकू पाण्यात चांगलं कालवलं आणि बोटाने बोर्डाच्या मधोमध, त्या गोल मण्यावर ठसठशीत टिळा लावला. छान दिसत होता. दुसऱ्या दिवशी दसऱ्याला मी तो तसाच बरणीत घातला. पूजेचं कुंकू पुसायचं नसतं, हे मला कोणी शिकवावं लागलेलं नाही.

दिनेश कुरकुरत का होईना बरोबर आला, त्याने नवा बांबू फाट्याच्या तोंडाशी ठोकला आणि वर बरणी घट्ट बांधली. बाबा सोनं वाटून दुपारी होडी घेऊन गेले. जाताना मला म्हणाले, "बघतंव तुजी शीळ." संध्याकाळी अर्धी गल्ली धक्क्यावर होती. कारण मी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, मला कुठे राहवतं. अंधार पडला. टॉवर उजळले. पलीकडे कुठेतरी फटाके वाजले. बांबूच्या टोकाला काहीच नव्हतं. सहा वाजून चाळीस, सात, सव्वासात. भरतीचं पाणी चढून तिवरं अर्धी बुडाली होती आणि सगळ्या फटी सारख्या दिसत होत्या. आठ वाजून गेल्यावर दुसऱ्या एकाच्या होडीला दोर बांधून बाबा आले.

ते धक्क्यावर चढले, माझ्याकडे बघून म्हणाले, "तुजा दिवा निजला वाटतं." रागावून नाही. त्यानेच जास्त लागलं. दिनेश माझ्याकडे बघत नव्हता. "ताई, बास आता. भाऊबीजेला सगळी घरात असतील, तेव्हा होडी वर ओढू." दुसऱ्या दिवशी सकाळी आईचा फोन आला की बाबा होडी आतून घासून धुतायत. होडी अशी धुतात ती ठेवून द्यायची असली की.

त्यानंतरचे दिवस मी कशी वागले ते घरच्यांना विचारा, मला नको. सेल भरलेले होते. मोठा दिवा वेगळा जोडला की लागत होता. म्हणजे चूक माझ्या लिहिण्यात, झोपेच्या हिशेबात. मी ते सगळं पुसून नव्याने लिहिलं, दोनदा. बोर्ड कुंभकर्णासारखा पडून. पाच-पाच मिनिटं विजेरीचा झोत टाकला, हाताने झाकलं, पुन्हा झोत टाकला. ढिम्म. बोर्ड टेबलावर, त्यावर तो सुंदर टिळा, आणि मी त्याच्याकडे रोज बघत होते. शेवटी दिवाळीच्या आधीच्या रविवारी पुन्हा विठ्ठलवाडी.

सुषमाने चष्मा लावला. "हे काय लावलंयस?"

"पूजेचं कुंकू आहे. आईने लावलंय."

"डोळ्यावर?"

मी बघितलं. खरंच बघितलं, दोन आठवड्यांत पहिल्यांदा. हळदीचा जाड थर, वर कुंकू, वाळून खपली धरलेलं. बिचाऱ्याला दसऱ्यापासून उजेडच दिसला नव्हता. त्याच्या लेखी सकाळच झाली नव्हती, मग संध्याकाळ कुठून होणार? मी सांगितलं होतं तसाच तो शहाण्यासारखा झोपून होता. सुषमा हसून हसून टेबलावर आडवी झाली. मग तिने कापूस आणि स्पिरिट माझ्यापुढे ठेवलं, स्वतः हात लावला नाही. "तू पूस. तुमचं आहे ते." आणि मला, विज्ञानाच्या खोलीत बावीस वर्षं काढलेल्या बाईला, ते पुसवेना. मी आईला फोन लावला.

आईने सगळं ऐकून घेतलं. "अगो, मग पुस," ती म्हणाली. "मी कपाल समजून लावला, तो डोला निघाला."

मी पुसलं. पाच मिनिटं विजेरीचा झोत टाकला, मग पाच मिनिटं तळहाताने झाकलं. दोन आखूड, एक लांब.

धनत्रयोदशीची संध्याकाळ मी आयुष्यात विसरणार नाही. दुपारी बरणी पुन्हा बांबूवर बांधली, चारला बाबा होडी घेऊन गेले, आणि ह्या वेळी घराबाहेर मी कोणालाही सांगितलं नव्हतं. आईने दाराशी कणकेचा दिवा दक्षिणेकडे तोंड करून ठेवला आणि माझ्या शेजारी येऊन धक्क्यावर उभी राहिली. दिनेशही आला, हाताची घडी घालून. घरोघरी कंदील, पलीकडे टॉवर नखशिखांत माळांनी मढलेले, खाडी नुसती झगमगत होती. ओहोटी संपून पाणी नुकतं वळलं होतं. चहाच्या कपाएवढी ती आश्विनातली संध्याकाळ संपली आणि बांबूच्या टोकाला, तांबडा, दोन आखूड, एक लांब. थांबला. पुन्हा दोन आखूड, एक लांब. त्या सगळ्या झगमगाटात तो एवढासा होता. पण तो एकटाच बोलत होता.

पंधरा मिनिटं गेली असतील. मग झुंबरांच्या मधून होडीचं काळं नाक निघालं आणि सरळ, दोरी आखल्यासारखं सरळ, फाट्यात शिरलं. ना थबकणं, ना चाचपडणं. बाबांच्या मागून दुसरी होडी, तिच्यामागून तिसरी. ते दोघेही रोज त्याच तिवरांत चाचपडत होते, कोणाला सांगत नव्हते इतकंच. बाबा धक्क्याला लागले, वल्हं आत घेतलं, आणि ताठ उभे राहिले. कमरेत वाकलेला माझा बाप त्या लहानशा होडीत ताठ उभा राहिला. "काय रे दिनेश," ते म्हणाले, "होडी वर वडाला आयलास का?" दिनेशने घडी सोडली, पुढे होऊन दोर धरला आणि म्हणाला, "नाय बाबा, बांधाला आयलू." गॅरेजात तो असं बोलत नाही. राग उतरला की त्याच्या तोंडात गाव येतं.

मला ओरडावंसं वाटत होतं. मी जिंकले होते, आणि कोणाला हरवून नाही. भाऊबीजेला मी दिनेशला ओवाळलं, त्याने ताटात पाकीट टाकलं नाही, दारामागून एक सरळसोट नवा बांबू काढून माझ्या हातात दिला. कडेवरचं पोर सांभाळावं तसा तो मी घरभर मिरवला.

आज त्या गोष्टीला वर्ष होत आलं. फाट्याच्या वाटेवर आता तीन बरण्या आहेत. दोन त्या मागच्या होडीवाल्यांनी मागून घेतल्या. एकाची चार आखूड, एकाची नुसती एक लांब, जो तो आपापल्या हाकेवर अडून बसला. शाळेत सहामाही संपली की आठवीच्या मुलींना मी बोर्ड शिकवते. मांडून देत नाही, शिकवते. पहिला धडा केबलचा.

परवा माहेरी जाऊन मी सेल बदलायला घेतले. मीटर लावला तर जुन्यांतच अजून पुष्कळ जीव. नवे पिशवीत परत टाकले. आई ताटात कुंकू घेऊन मागे उभी होती, ह्या वेळी तिने बांबूला बोट लावलं, बरोबर माझ्या डोळ्यांच्या उंचीवर. संध्याकाळ पडली. दिवा उठला. मी धक्क्यावर उभी होते, पाण्यावरून काही ऐकू येतंय का बघत. होडी अजून दिसत नव्हती. मग मला फू फू असं काहीतरी वाटलं, आणि पाठोपाठ एक लांब, फुसका, हवेचाच आवाज. कवळी काढून खिशात ठेवलेल्या माणसाचा. शीळ नव्हती ती, नुसता वारा होता. मी आईला सांगायला वळले.

ती तिथे नव्हती. स्वयंपाकघरातून तव्याचा आवाज आला, आणि तिचा. "आयले. ताटं घे गो बाय."